दातांनी ऐकणारे काका

काकांच्या शेडमध्ये गाडी घेऊन जाणाऱ्याला पहिली अट असायची, की गाडीला काय झालंय ते सांगायचं नाही. कोणी सांगायला लागलंच तर ते तळहात पुढे करून म्हणायचे, "तुमी थांबा. तिला बोलू द्या." मग कोपऱ्यातली हातभर लांब शिसवी काठी उचलायचे, तिचं एक टोक चालू इंजिनावर टेकवायचे, दुसरं दातांत घट्ट धरायचे आणि डोळे मिटून घ्यायचे. त्या वेळी त्यांचा चेहरा असा व्हायचा की आपण काही खाजगी बघतोय असं वाटून माणूस नजर दुसरीकडे वळवायचा.

मी मात्र नजर वळवली नाही. मी दातांची डॉक्टर. इंदिरानगरमध्ये माझा दवाखाना आहे, आणि वीस वर्षं लोकांच्या तोंडात बघण्यात गेल्यामुळे मला तेवढंच दिसतं. काठीच्या टोकाला चावल्याच्या खुणा होत्या. सगळ्या डाव्या बाजूच्या, वर एक आणि खाली एक. म्हणजे या माणसाचे वरचा डावा सुळा आणि खालचा डावा सुळा एवढेच दात धड आहेत, हे त्यांनी माझ्याशी एक शब्द बोलायच्या आधीच मला कळलं होतं.

त्यांचं नाव मी इथे लिहीत नाही. आम्ही सगळे त्यांना काकाच म्हणतो. लहानपणी त्यांचे दोन्ही कान फुटले. गाव इगतपुरीच्या पलीकडे, पावसात चार महिने रस्ता बंद. कुणी डॉक्टरकडे नेलं नाही आणि कानांचे पडदे गेले ते गेलेच. अशा माणसाला समोरच्याचं बोलणं जेमतेम ऐकू येतं, पण हाडातून गेलेला आवाज नीट पोचतो. मला हे कॉलेजात शिकवलं होतं. त्यांना ते रेल्वेच्या कारखान्यात नोकरीला लागल्यावर तिसऱ्या महिन्यात समजलं. दोन्ही हात गुंतले होते म्हणून त्यांनी पाना दातांत धरला होता, वाकताना तो चालत्या पंपाला टेकला, आणि डोक्यात एकदम आवाज भरला. "घाबरून पाना टाकला मी," ते सांगायचे. "मग इकडंतिकडं बघितलं आन् परत चावला."

कारखान्यात त्यांचं काम बेअरिंगमध्ये व्हाइट मेटल ओतण्याचं. जुन्या इंजिनात फिरणाऱ्या दांड्याला, म्हणजे क्रँकला, धरून ठेवायला जी गोल कडी असते, तिच्या आतून या मऊ, पांढुरक्या धातूचा थर देत. थर झिजला की फट पडते, फट पडली की इंजिन ठोकायला लागतं. नव्या गाड्यांत तयार बेअरिंग मिळतात, जुनी काढून नवी टाकायची. स्वातंत्र्याच्या आधीच्या गाड्यांना ती सोय नाही. तिथे कुणीतरी बसून धातू वितळवून ओतावा लागतो आणि मग हाताने घासून घासून बसवावा लागतो. निवृत्तीनंतर काकांनी देवळाली गावात घरामागे पत्र्याची शेड घातली आणि तेच काम सुरू केलं. मुंबई-पुण्याचे हौशी लोक त्यांच्याकडे इंजिनं घेऊन येत. आलेल्यांपैकी निम्मे परत जात, कारण काका विचारत, "घाई हाय का?" आणि समोरचा चुकून हो म्हणे.

घरातल्या प्रत्येक आवाजाला त्यांच्याकडे इंजिनातली जागा होती. पिस्टनला क्रँकशी जोडणाऱ्या रॉडच्या टोकाचं, म्हणजे बिग एंडचं, बेअरिंग गेलं की ते म्हणत, उखळात मुसळ पडतंय. क्रँकला पेलणारं मेन बेअरिंग गेलं की जातं. झडपा उघडणारे टॅपेट सैल असले की शिवणयंत्र. मला कोडं पडलं की या माणसाने उखळ नि जातं ऐकलं कधी. एकदा काकूंना विचारलं. काकू भाजी निवडत होत्या. त्या इतक्या हसल्या की मेथीची जुडी बाजूला ठेवावी लागली.

"अहो, लग्न होऊन आठ दिवस झालेले. मी पहाटे दळायला बसले, तर हे काठी घिऊन आले आन् जात्याला टेकवून चावत बसले. मग उखळ. मग सासूबाईंचं शिवणयंत्र. मी नवी नवरी. मला वाटलं, कुठं दिलं मला आईबापानं!"

"मग?"

"मग काय. एक दिवस म्हणाले, तू गाणं म्हण दळताना. आन् काठी जात्याला न लावता माझ्या खांद्याला लावली." एवढं बोलून काकूंनी मेथी परत हातात घेतली.

मी त्यांच्याकडे गेले ती आमच्या गाडीमुळे. मखमलाबादला आमचा मळा. माझे आजोबा देवळालीच्या छावणीत भाजी आणि फुलं पुरवत. तिथला एक इंग्रज अधिकारी मायदेशी जाताना आपली गाडी आजोबांना देऊन गेला. काळी, लांब बॉनेटची, चार सिलिंडरची विलायती गाडी. आजोबांनी आणि नंतर अण्णांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, तिचा उपयोग कसा करावा? मागची सीट काढून झेंडूचे आणि शेवंतीचे क्रेट भरून ते पहाटे फुलबाजारात जात. लोकांच्या गाड्यांना पेट्रोलचा वास येतो, आमच्या गाडीला दसऱ्याचा यायचा.

मग ती ठोकायला लागली. अण्णांनी तीन गॅरेजवाल्यांना दाखवली. तिघांनीही सांगितलं, हे इंजिन फेकून जीपचं डिझेल इंजिन टाका. अण्णांना ते पटेना आणि गाडी मळ्यातल्या शेडमध्ये तशीच उभी राहिली. काही वर्षांनी हायवेवरच्या एका रिसॉर्टचा माणूस आला. त्याला गाडी दारात शोभेला ठेवायची होती. इंजिन नको होतं. त्या जागी माती भरून तो पिटुनिया लावणार होता.

"फुलंच लावणार आहे ना," अण्णा मला फोनवर म्हणाले. "आपल्या गाडीला फुलांची सवय आहे."

त्यांनी हे हसत सांगितलं, पण फोन ठेवल्यावर मला काही चैन पडेना. अण्णा तेव्हा शहात्तर वर्षांचे होते आणि त्या गाडीशिवाय दुसऱ्या कुठल्याही वस्तूला त्यांनी कधी स्वतःच्या हाताने पुसलेलं मी पाहिलं नव्हतं. रिसॉर्टवाल्याला त्यांनी पाडव्यापर्यंतचा शब्द दिला होता. तोपर्यंत गाडी स्वतःच्या चाकांवर चालली तर ठेवायची, नाहीतर द्यायची. तीन महिने हातात होते. मी चौकशी करत काकांपर्यंत पोचले आणि घाई आहे का या प्रश्नाला सरळ खोटं बोलले.

काकांनी गाडी सुरू करायला लावली, काठी चावली, मग एकेका प्लगची वायर काढून पाहिली. तिसऱ्या सिलिंडरची वायर काढताच ठोकणं मऊ झालं, ते मलाही ऐकू आलं. ते म्हणाले, "मुसळ. तिसऱ्यात. पण बाकीचेबी रांगंत उभे हायेत." दुसऱ्या दिवशी इंजिनाखालचं तेलाचं पात्र उघडलं तर तेलात चंदेरी कपचे चमकत होते. त्यांनी ते तळहातावर घेऊन अण्णांना दाखवले. पेढ्यावरचा वर्ख असतो तसे.

"मेटल मऊ असतं ते ह्याच्यासाठी," ते म्हणाले. "त्यानं झिजायचं आन् क्रँक वाचवायचा. तुमचा क्रँक वाचलाय. लय इमानदार मेटल होतं."

धातू ओतायच्या दिवशी मी मुद्दाम दवाखाना बंद ठेवून गेले. काका पांढरा इस्त्रीचा शर्ट घालून तयार होते, जणू सत्यनारायणाला बसायचंय. शेगडीवर कढईत धातू वितळत होता. मी आत पाऊल टाकलं तशी त्यांनी माझ्या डोक्याकडे बोट दाखवलं.

"केस धुतलेत?"

"हो, सकाळीच."

"भायेर. उन्हात बसा. वाळले की या."

मला राग आला. पन्नाशीची बाई, शहरातली डॉक्टर, पेरूच्या झाडापलीकडच्या उन्हात केस सोडून बसले. काकूंनी समजावलं, की पाण्याचा एक थेंब त्या रसात पडला तर रस फटाक्यासारखा उडतो. रेल्वेत एकाचा डोळा तसाच गेला होता. अर्ध्या तासाने काकांनी येऊन माझ्या वेणीचं टोक स्वतः चिमटीत धरून पाहिलं आणि मग आत घेतलं. रसाची उष्णता मोजायला त्यांच्याकडे काही यंत्र नव्हतं. बांबूची कामटी रसात बुडवायचे आणि बाहेर काढून बघायचे. कामटी पिवळी राहिली तर रस थंड, पेटली तर फार गरम. भाजलेल्या शेंगदाण्याच्या सालासारखा रंग आला की एका दमात, न थांबता ओतायचं. चारही बेअरिंग ओतून होईपर्यंत शेडमध्ये कुणी खोकलंसुद्धा नाही.

आणि मग, घासायचं खरं काम सुरू झालं तेव्हा, त्यांचा गाल सुजला.

काकूंनी फोन केला. "चार दिवस झाले, ताप हाय, जेवत नायत. आन् काम सोडत नायत. तुमीच बघा बाई." मी संध्याकाळी गेले तर काका गालाला फडकं बांधून बेअरिंग घासत बसले होते. वरच्या डाव्या सुळ्याच्या मुळाशी पू झाला होता. काठीचा तोच दात.

"उद्या दवाखान्यात या," मी म्हटलं.

"काढणार?"

"बघू."

"मंग नाय येत." त्यांनी कानस खाली ठेवली. "माणसाला बत्तीस असतात. माझे दोन हायेत. एक गेला की काठी धरायची कशात? तुमी माझा दात नाय काढत, कान काढताय."

मी त्यांना सांगितलं की दात न काढता मुळाच्या आतली नळी साफ करून भरता येते. त्यांचा विश्वास बसला नाही, पण काकूंनी दुसऱ्या दिवशी त्यांना रिक्षात घालून आणलंच. खुर्चीत बसल्यावर पहिलं वाक्य, "मास्क काढा." ते ओठ वाचायचे. मास्क लावलेल्या माणसाचं त्यांना काहीच कळत नसे. मग मी आधी मास्क काढून सगळं सांगायची, मग मास्क लावून काम करायची, परत काढून सांगायची. माझ्या मदतनीस मुलीला हसू आवरेना.

दुसऱ्या भेटीत त्यांचं लक्ष माझ्या ट्रेकडे गेलं. नळी साफ करायच्या बारीक सुयांसारख्या कानशी तिथे ओळीने मांडल्या होत्या. त्यांनी एक उचलून उजेडात धरली.

"हिच्यावर पंधरा लिवलंय."

"टोकाची जाडी. मिलिमीटरचे शंभर भाग केले तर त्यातले पंधरा. मग वीस, मग पंचवीस. हळूहळू मोठी करत न्यायची."

काकांनी शेजारची वीसची उचलून तिच्याजवळ धरली. मग म्हणाले, "म्हंजे तुमी बोअरिंग करता."

"तसंच म्हणा."

"आन् वरची टोपी बसवताना उंच राहिली तर कळतं कसं?"

मी त्यांना निळा कागद दाखवला. दाताला कॅप बसवली की तो कागद चावायला द्यायचा. जिथे कॅप उंच असेल तिथे निळा ठिपका उमटतो, तेवढंच घासायचं, परत चावायला द्यायचं. काकांनी कागद बोटांत चोळला. अंगठा निळा झाला. त्यांनी तो अंगठा माझ्यासमोर धरला आणि तोंडात कापूस असतानाच म्हणाले, "उद्यापास्नं शेडात यायचं. तिसरं बेअरिंग तुमी घासायचं."

बेअरिंग घासणं म्हणजे नेमकं हेच. क्रँकला निळा रंग पातळ लावायचा, बेअरिंग त्यावर बसवून फिरवायचं, उघडायचं. जिथे निळं लागलं ती जागा उंच. तेवढीच धारदार पात्याने खरवडायची. परत बसवायचं. निळा रंग सगळीकडे सारखा उमटेपर्यंत. मी रोज दवाखाना आटोपून पाचच्या सुमाराला जायची आणि दिवेलागणीपर्यंत बसायची. पहिल्या दिवशी मी एका ठिकाणी जास्त खरवडलं. काकांनी ते बेअरिंग घेतलं, धातू वितळवून काढला आणि दुसऱ्या दिवशी नवा ओतून ठेवला. "आता परत," एवढंच म्हणाले. दुसऱ्या खेपेला जमलं. दहाव्या दिवशी निळे ठिपके इतके सारखे उमटले की मला ते अण्णांना फोटो काढून पाठवावेसे वाटले. मी पाठवलेही. अण्णांनी उत्तर पाठवलं, "छान रांगोळी."

पाडव्याला पाच दिवस उरले तेव्हा इंजिन जोडून झालं. शेडमध्ये आम्ही चौघं होतो, काका, काकू, अण्णा आणि मी. तेलाचा दाब दाखवणाऱ्या काट्याकडे बघत अण्णांनी गाडी सुरू केली. काटा वर चढला आणि थांबला. इंजिन चालू राहिलं. अण्णांनी माझ्याकडे बघितलं, त्यांचे डोळे भरले होते. काकांनी काठी उचलली.

"नाही," मी म्हणाले. "दातावर अजून कॅप बसायचीय. तीन आठवडे त्याच्यावर काही चावायचं नाही. दात फुटला तर मी जोडू शकणार नाही."

काकांनी काठी हातात फिरवली. मला वाटलं, ते ऐकणार नाहीत. मग त्यांनी ती धोतराच्या सोग्याने पुसली आणि माझ्यापुढे धरली.

"मंग तुमी चावा."

मी चावली. पहिल्यांदा नुसता गोंगाट. मग त्यांनी माझा खांदा धरून काठी एकेका जागी सरकवायला लावली, आणि गोंगाटातून चार वेगळे आवाज बाहेर आले. पहिला साफ. तिसरा, माझा, साफ. चौथा साफ. दुसऱ्यात मात्र खूप खोल काहीतरी होतं. मी परत परत ऐकलं.

"काय?" काका माझ्या ओठांकडे बघत होते.

"दुसऱ्यात मुसळ आहे. बारीक. कुणीतरी शेजारच्या घरात कांडतंय असं."

अण्णा म्हणाले, "अगं, मला तर काही येत नाही ऐकू. काटाही बरोबर आहे."

मलाही माझी खात्री नव्हती. दुसरं बेअरिंग काकांनी स्वतः घासून बसवलेलं होतं. पन्नास वर्षं हे काम करणाऱ्या माणसाला, दोन आठवडे घासकाम केलेली बाई सांगत होती की तुमचं चुकलंय. मी म्हणाले, "काका, मला भास होत असेल."

"भास दातात होत नाय," ते म्हणाले आणि अण्णांना गाडी बंद करायची खूण केली.

तेल काढायचं, पात्र उतरवायचं, सगळं परत. दुसऱ्या दिवशी दुपारी दुसरं बेअरिंग उघडलं. त्याच्या दोन अर्ध्यांच्या मध्ये पितळेच्या कागदासारख्या पातळ पट्ट्या असतात, फट कमी-जास्त करायला. एका बाजूला दोन पट्ट्या होत्या. दुसऱ्या बाजूला तीन.

काका ती तिसरी पट्टी चिमटीत धरून स्टुलावर बसले. काकूंनी पुढे केलेला चहा त्यांनी घेतला नाही. शेवटी म्हणाले, "ताप होता त्या दिवशी. गाल ठणकत होता. मोजायला चुकलो." मग जरा वेळाने, "हे तसंच गेलं असतं तर तुमच्या वडलांनी घाटात नेल्यावर रॉड तुटून भायेर आला असता."

"पण आलं ना लक्षात," अण्णा म्हणाले.

"माझ्या नाय आलं." ते माझ्याकडे वळले. मला वाटलं, आता ते रागावणार किंवा रडणार. त्यांनी पट्टी माझ्या हातावर ठेवली. "रेल्वेत असतो तर साहेबानं मला घरी पाठवलं असतं. तुमी काय करणार?"

"चहा प्या म्हणणार," मी म्हणाले.

ते हसले. त्या दिवशी मी त्यांचे दोन्ही सुळे एकदम पाहिले. मग त्यांनी बशीत चहा ओतला, भुरका मारून प्यायले आणि पुढच्या दोन दिवसांत ते बेअरिंग मी घासायचं असं ठरवून टाकलं.

पाडव्याच्या सकाळी अण्णांनी गाडी मखमलाबादपर्यंत स्वतः चालवत नेली. रिसॉर्टवाल्याला त्यांनी पिटुनियाच्या दोन कुंड्या भेट पाठवल्या.

काकांच्या सुळ्यावर कॅप बसली आणि ती अजून टिकून आहे. काठी ते आता जपून चावतात. मी अधूनमधून जायची, नुसती बसायला. त्यांनी माझी स्तुती कधी केली नाही. लोकांना माझी ओळख करून देताना म्हणायचे, "ह्या दातवाल्या. पण बऱ्या हायेत."

गेल्या वर्षी एका सोमवारी दवाखान्यात गर्दी होती. बाहेर एक गृहस्थ पायाशी गोणपाटाचं जड बोचकं ठेवून बसले होते. त्यांचा नंबर आल्यावर माझ्या मदतनीस मुलीने विचारलं, "कुठला दात दुखतोय?"

"दात नाय ओ. चार रॉड हायेत."

ते इगतपुरीहून आले होते. वडिलांची जुनी गाडी. बोचक्यात चार कनेक्टिंग रॉड, नव्याने धातू ओतलेले, चंद्रासारखे चकचकीत. मी काकूंना फोन लावला. काकांना फोनवर ऐकू येत नाही, म्हणून बोलणं नेहमी काकूंमार्फतच.

"हो, त्यांनीच पाठवलं," काकू म्हणाल्या. "हात थरथरतो आता. म्हणतात, ओतायला दम लागतो, तो माझ्यात हाय. घासायला हात लागतो, तो तिच्यात हाय. नाय म्हणू नका बाई."

मी नाही म्हटलं नाही. सलग चार रविवार क्रँकही दवाखान्यात येऊन पडला आणि दातांच्या दिव्याखाली मी ती चार बेअरिंग बसवली. इंजिन जोडून ते गृहस्थ काकांना ऐकायला घेऊन गेले. त्या दिवशी मला कामात लक्ष लागेना. दुपारभर फोन आला नाही. चारला मीच काकूंना लावला.

"काय म्हणाले काका?"

"काय म्हणतात! सकाळी दहाला ऐकलं. आन् चहा तसाच टाकून गाडीत जाऊन बसले. कसाऱ्याचा घाट उतरून गेले, परत वर आले, परत उतरले. मालक बिचारा आत्ता फोन करून इचारतो, काकू, ह्यांना जेवायला कधी उतरवू?"

खुर्चीतला पेशंट केव्हाचा तोंड उघडून थांबला होता. मी मास्क वर ओढला, हसू लपवायला.